हललं तरी चालेल, सरकता कामा नये : विटांच्या वरंधा घाटाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

घर पुण्यातलं, तिसऱ्या मजल्यावरचं. नावं मुद्दाम देत नाही. मोठ्या बहिणीला ताई (वय १३) आणि भावाला धाकटा (वय १०) एवढंच म्हणू. मी त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतो. भांडी, दागिने अशा वस्तूंचे कॅटलॉगसाठी फोटो काढणं हा माझा धंदा. त्यामुळे ‘काका, जरा बघता का’ ही हाक मला अधूनमधून येते.

मुलांचे आजोबा, म्हणजे आईचे वडील, एसटीत चालक होते. भोर-महाड गाडी त्यांनी बरीच वर्षं चालवली. त्यांची पंचाहत्तरी १ जूनला होती. ही तारीख कागदोपत्री. शाळेत नाव घालताना गुरुजींनी त्या पिढीतल्या निम्म्या गावाला १ जून बहाल केला होता, त्यांतलेच एक आजोबा. योगायोग असा, की एसटीची पहिली गाडी पुणे-अहमदनगर रस्त्यावर धावली तीही १ जून १९४८ लाच. तेव्हा आजोबा आपला वाढदिवस एसटीबरोबर वाटून घेतात.

मुलांनी ठरवलं, आजोबांना लेगोच्या विटांची फिल्म करून द्यायची. लाल गाडी वरंधा घाट चढते, वाघजाईच्या देवळापाशी थांबते, चालक खाली उतरून भजी खातो, गाडी पुढे जाते. एवढीच गोष्ट. गाडी किंवा माणूस जरासा हलवायचा, फोटो काढायचा, पुन्हा हलवायचा. ते फोटो भराभर दाखवले की विटा चालताना दिसतात. लांबी ९० सेकंद, सेकंदाला १२ फोटो, म्हणजे १०८० फोटो. पात्रं जेमतेम चार सेंटिमीटर उंचीची. शाळेला मेभर सुट्टी होती आणि घरात जुना मोबाइल पडून होता.

अडचण

चार संध्याकाळी खपून त्यांनी २१२ फोटो काढले, म्हणजे साडेसतरा सेकंदांच्या जरा वर. टीव्हीवर लावून पाहिलं तेव्हा गाडी बरी चालत होती, पण घाट नाचत होता. रस्ता थरथरत होता, डोंगर मध्येच उडी मारत होता आणि भज्यांची टपरी हळूहळू डावीकडे निघाली होती. धाकट्याने सुचवलं, गोष्टीतच भूकंप घालू. ताई रडकुंडीला आली आणि त्यांच्या आईने मला फोन केला.

मी गेलो तेव्हा सेट जेवणाच्या टेबलावर होता. टेबलाला वर काच, काचेखाली चार रबरी बुचं. त्यावर ३२ बाय ३२ बटणांची बेसप्लेट, म्हणजे विटा अडकवायच्या गोल उंचवट्यांची सपाट पाटी, बाजूला साधारण साडेपंचवीस सेंटिमीटर. ही बेसप्लेट पातळ असते आणि तिला खालून धरून ठेवणारं काही नसतं. घाटाचा चढ दाखवायला एका टोकाखाली तीन दिवाळी अंक सरकवले होते, त्यामुळे मधला भाग अधांतरी. डोंगराचं सगळं वजन एका कोपऱ्यावर. समोर लवचीक मानेच्या स्टँडवर फोन.

प्रेक्षकाला हे एवढं का दिसतं, याचा हिशेब मुलांसमोरच केला. चौकटीत सेटचा २४ सेंटिमीटर रुंद भाग येत होता आणि चित्र १९२० ठिपक्यांचं होतं. म्हणजे एक मिलिमीटर सरकलं की चित्र आठ ठिपके सरकतं. त्यांचा टीव्ही ४३ इंची, पडदा साधारण ९५ सेंटिमीटर रुंद. टेबलावरचा एक मिलिमीटर तिथे चार मिलिमीटर होऊन दिसतो. फोनचं गणित याहून वाईट. तो ४० सेंटिमीटर अंतरावर होता. एक अंशाच्या दहाव्या भागाएवढा जरी फिरला, तरी सेटवर जवळपास पाऊण मिलिमीटरचा फरक पडतो. हे ऐकल्यावर धाकटा फोनपासून दोन पावलं मागे सरला.

हलतंय कोण?

इथे पहिला निर्णय होता. ताईला लगेच सगळं चिकटवून टाकायचं होतं. मी म्हटलं, आधी चोर कोण ते कळू दे. एक पूर्ण संध्याकाळ आम्ही नुसत्या चाचण्या केल्या, आणि त्या संध्याकाळीमुळेच बाकीचं काम वाचलं असं माझं मत आहे.

पहिली चाचणी : सेटला कोणी हात लावायचा नाही, फक्त फोटो काढायचे. स्क्रीनवर बोट टेकवून १२, मग इअरफोनच्या आवाज वाढवायच्या बटणाने १२. बोटाचे फोटो एकामागून एक पाहिले तर चित्र डुगडुगत होतं, बटणाचे स्थिर होते. मात्र दोन्हींत चित्र संथपणे वर चढत होतं. याचा अर्थ स्टँडची मान फोनच्या वजनाने वाकत होती.

दुसरी चाचणी : चालकाला उचलायचं आणि त्याच जागी परत बसवायचं, बारा वेळा. या वेळी सेटच्या मागे दिसणारी खिडकीची जाळी जागच्या जागी राहिली, पण रस्ता आणि डोंगर दोन्ही हलले. हा फरक ओळखता आला पाहिजे. मागचं आणि पुढचं सगळं एकदम हललं तर फोन दोषी. जाळी स्थिर आणि विटा हलल्या तर सेट दोषी. इथे दोघंही दोषी होते, पण वेगवेगळ्या वेळी.

तिसरी चाचणी धाकट्याची. त्याने हॉलमध्ये उड्या मारल्या आणि शेजारच्या बाल्कनीत वॉशिंग मशीनचं ड्रायर चालू केलं. काच थरथरली, डोंगरावरची झाडं लवलवली, पण ड्रायर थांबल्यावर काढलेला फोटो आधीच्या फोटोवर बेमालूम बसला. मलाही ही गोष्ट मुलांना दाखवताना नव्याने कळली म्हणा ना. आपण थरथरीला घाबरतो, पण दोन फोटोंच्या मधली थरथर कॅमेऱ्याला दिसतच नाही. थरथरून जे आपल्या जागी परत येतं ते निरुपद्रवी. परत न येणारं सरकणं हा खरा शत्रू, आणि ते सरकवणारा हात आपलाच.

विटेवर माणूस बसवताना बोटाचा दाब लागतो, उपटताना ओढ लागते. दाबलं की अधांतरी बेसप्लेट खाली जाते, उपटलं की वर येते, आणि प्रत्येक वेळी काचेवर केसभर घसरते. ताई डावखुरी, ती डावीकडे उपटायची. नव्वद फोटोंत टपरी पाच मिलिमीटर डावीकडे का गेली, ते तिचं तिलाच उमगलं.

दोन मोठ्या उड्यांपैकी एक झाली होती कामाच्या मावशी टेबलाखालची फरशी पुसताना. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. दुसरी उडी पडली ती फोन चार्ज करायला काढून परत ठेवला तेव्हा.

पर्याय

सेट कशावर मांडायचा, यावर सगळ्यात जास्त वाद झाला.

घरातली सर्वांत पक्की जागा म्हणजे स्वयंपाकघरातला ग्रॅनाइटचा ओटा. हे मी बोलून दाखवलं. “ओटा सोडून बोला, दादा,” आई म्हणाल्या. विषय संपला.

जमीन हा दुसरा पर्याय. फरशी पक्की असते, पण पंधरा दिवस उकिडवं बसून काम करायचं म्हणजे मुलांची पाठ जाणार. शिवाय रात्री पाणी प्यायला उठलेल्या माणसाचा पाय पडायचा तो घाटावरच.

तिसरा पर्याय, टेबलाची काच काढून खालच्या लाकडावर सेट खिळवायचा. टेबल आठवडाभर जेवणाला मिळणार नाही, हे घरच्यांनी मान्य केलं असतं. पण टेबलाचे पायच लटपटत होते.

शेवटी कडप्प्याचा तुकडा आणायचं ठरलं. फरशीवाल्याकडे ओट्याचं कापलेलं उरलंसुरलं पडलेलं असतं. ४५ बाय ६० सेंटिमीटरचा, दोन सेंटिमीटर जाडीचा तुकडा मिळाला. वजन पंधरा किलोच्या आसपास. तो मुलांच्या खोलीतल्या अभ्यासाच्या टेबलावर, खाली रबरी पायपुसणं घालून ठेवला.

त्यातून पुढचा प्रश्न निघाला, फोन कडप्प्यावर लावायचा की वेगळा? वेगळ्या स्टँडचा फायदा असा की फोनला धक्का लागला तर तो सेटपर्यंत पोचत नाही. पण मग टेबल जरा सरकलं तरी दोघांमधलं अंतर बदलतं. मी एकाच दगडाच्या बाजूने होतो. फोन आणि घाट एकाच कडप्प्यावर असले की हलले तरी दोघं मिळून हलतात, आणि चित्रात काही दिसत नाही. दिव्याच्या सावलीत थोडा फरक पडेल, तेवढा सोसावा. फोनला इअरफोनच्या बटणापलीकडे हात लावायचाच नव्हता, म्हणून हा पर्याय पटला. हात वारंवार लावावा लागणार असता, तर मी उलट सांगितलं असतं. दादासाहेब फाळक्यांनी पहिला चित्रपट काढायच्या आधी वाटाण्याचं रोप वाढताना एकेक चौकट करून टिपलं होतं, ही गोष्ट ताईला मराठीच्या पुस्तकामुळे की कशामुळे माहीत होती. “मग त्यांचा कॅमेरा कोणी हलवला नसेल?” तिने विचारलं. नसणार, म्हटलं, आणि त्यांच्या घरातही फरशी पुसत असतीलच.

काय केलं

बेसप्लेट दगडावर कशी बसवायची, यात माझी चूक झाली. मी धंद्यात वापरतो तो फोमचा दोन्ही बाजूंनी चिकटणारा टेप आणून दिला. चिकटला उत्तम. पण फोम म्हणजे गादी. विटेवर बोट दाबलं की कोपरा खाली जायचा आणि हळूहळू वर यायचा. ताईने घाईने पुढचा फोटो काढला तर कोपरा अजून वाटेतच असायचा. चाळीस फोटो वाया गेले. मग कागदासारखा पातळ दुहेरी टेप आणला आणि बेसप्लेटच्या सगळ्या पोटाला पट्ट्या लावून ती दगडाला घट्ट बसवली. काढताना प्लेट वाकणार, चिकट राहणार, हे उघड होतं. प्लेट धाकट्याची, वाढदिवसाला मिळालेली. त्याने अर्धा तास विचार केला आणि “आजोबांसाठी” म्हणून परवानगी दिली. त्याबदल्यात गाडी घाट उतरताना ती हलवायचं काम त्याचं, असा करार झाला.

चढासाठी घातलेले दिवाळी अंक काढून टाकले. सेट सपाट ठेवला आणि फोनच आठ अंश तिरका केला. चौकटीत घाट चढणीचा दिसतो, प्रत्यक्षात गाडी सपाटीवर असते आणि घरंगळत नाही. मागे निळा जाड पुठ्ठा, त्यावर क्षितिजाची रेघच नाही, त्यामुळे तिरकेपणा कळत नाही. निदान आम्हाला तसं वाटलं.

लवचीक मानेच्या स्टँडची सुट्टी केली. दगडाच्या कडेला लोखंडी सी-क्लॅम्प (स्क्रूने आवळायची पकड), त्याला आडवी पट्टी, पट्टीला फोनची पकड. चार्जरची वायर आणि इअरफोनची वायर सैल वळसा देऊन दगडाला टेपने चिकटवल्या, म्हणजे ओढ फोनवर येणार नाही. फोन विमान मोडवर, कारण मधेच मामाचा कॉल आला आणि फोन पकडीत गुरगुरला की संपलं. फोकस, उजेड, रंग सगळं कुलूपबंद. खिडकीला जाड पडदा आणि काम फक्त दिव्याच्या उजेडात.

डोंगर २२ विटा उंच होता. एक वीट ९.६ मिलिमीटर, म्हणजे एकवीस सेंटिमीटरच्या वर. आत पोकळ. मुलांनी तो खांब रचावा तसा रचला होता, सांध्यावर सांधा. गवंडी असं करत नाही. वरची वीट तो खालच्या दोन विटांच्या सांध्यावर बसवतो. आम्ही तो पाडून नव्याने बांधला आणि मागून चार आधार दिले. त्याहून कामाचं ठरलं ते दुसरंच : डोंगर आणि रस्ता एकमेकांपासून तोडले. मधे सेंटिमीटरभर फट ठेवली, फटीपुढे झुडपं लावली. आता रस्त्यावर कितीही दाबा, डोंगराला पत्ता लागत नाही.

झुडपांनीही त्रास दिलाच. एकाच बटणावर बसलेली पानं बोट लागलं की गर्रकन फिरतात. जिथे हात जातो त्या वाटेवरची पानं दोन बटणांवर बसवली, बाकीची काढली. ताईने मनगटातला दोरा काढून ठेवला.

मग उरला हाताचा जोर. बटणं असलेला रस्ता काढून तिथे वरून गुळगुळीत असणाऱ्या फरशा लावल्या. चालकाच्या पायाखाली पोस्टर चिकटवायच्या निळ्या लगद्याचा मोहरीएवढा ठिपका. आता तो टेकवायचा, दाबायचा नाही. उचलताना सरळ वर ओढायचं नाही, बाजूला कलता करून सोडवायचा, आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं रस्त्याच्या फरशीवर. याचा एक फायदा मी धरलाच नव्हता. बटणांवर माणूस आठ मिलिमीटरच्या टप्प्यांत अडकलेला असतो, आता तो हवा तेवढा सरकवता येऊ लागला. चौकटीबाहेर कागदी पट्टी लावली, गाडी दर फोटोला तीन मिलिमीटर. गाडीची चाकं लगद्याने जाम केली. टपरीवरची गिऱ्हाइकं मात्र बटणांवरच ठेवली आणि नियम केला : त्यांनी फक्त मान आणि हात हलवायचे, जागा सोडायची नाही.

पंख्यावरून एकदा भांडण झालं. मे महिना, खिडकी बंद, आणि पंख्याने पुठ्ठा फडफडतो. पुठ्ठ्याच्या मागे लाकडी पट्ट्या लावून तो दगडाला जखडला आणि पंखा एकवर चालू ठेवला. मुलांना घाम आला की हात घसरतो. तो तोटा पुठ्ठ्याच्या थरथरीपेक्षा मोठा.

टेबलाच्या पायांभोवती खडूने गोल काढले. दारावर कागद लावला, आणि ताईने मावशींना स्वतः खोलीत नेऊन सेट दाखवला. त्या दिवसापासून त्या खोलीची फरशी मावशी टेबल सोडून पुसायच्या आणि रोज विचारायच्या, “गाडी कुठवर आली?”

निष्पत्ती

१४ मेला नव्याने सुरुवात झाली. २८ मेपर्यंत ७६८ फोटो, म्हणजे ६४ सेकंद. ठरवलेले ९० झाले नाहीत. घाट उतरण्याचा भाग गाळावा लागला आणि धाकट्याचा करार मोडला. त्याबद्दल तो अजून बोलतो.

थरथर गेली. डावीकडचं सरकणं गेलं. तीन उड्या राहिल्या. एक ताईचं कोपर क्लॅम्पला लागून, एक क्लॅम्पचा स्क्रू स्वतःच ढिला पडून, तिसरीचा उलगडा झाला नाही. पहिल्या उडीनंतर आम्ही मागच्या फोटोची पुसट छाया स्क्रीनवर ठेवून फोन पूर्वीच्या जागी आणायला दीड तास घालवला. जवळपास जमलं, आणि ‘जवळपास’ टीव्हीवर लगेच दिसतं. दुसऱ्या उडीला शहाणपण सुचलं. फोन जुन्या जागी आणायचा हट्टच सोडला, तो पार वेगळ्या कोनात लावला आणि चालकाच्या हातातल्या भज्याचा जवळून शॉट घेतला. मधे कट आला की बघणाऱ्याला उडी दिसतच नाही. तिसऱ्या वेळी वाघजाईचं देऊळ असंच कामी आलं.

आज करायचं झालं तर

फोमचा टेप मी देणार नाही, हे सांगायला नको. चाचण्या मात्र २१२ फोटोंच्या नंतर नव्हे, पहिल्या बारा फोटोंनंतर करायला लावीन. मुलांनी चार दिवस टीव्हीवर काहीच लावून पाहिलं नाही. फोनच्या छोट्या स्क्रीनवर सगळं ठीक दिसत होतं. क्लॅम्पच्या स्क्रूवर रोज सकाळी एकदा हात फिरवायचा, हेही आम्हाला उशिरा सुचलं.

बेसप्लेट चिकटवण्याबद्दल माझं मन अजून द्विधा आहे. सपाट प्लेट्सचे दोन थर एकमेकांत अडकवून तेवढाच ताठ पाया झाला असता आणि धाकट्याची वस्तू वाचली असती. पण तेवढ्या प्लेट्स घरात नव्हत्या, आणि विकत घ्यायच्या तर त्या महाग पडतात.

आणि गोष्ट लिहितानाच सेटचा विचार करायला हवा होता. चालक खाली उतरतो तिथे १९ वेळा गाडीचं छप्पर काढून घालावं लागलं. तो आधीच उतरलेला दाखवला असता तर सेटला १९ धक्के कमी.

१ जून

आजोबा ३० तारखेला भोरहून आले. फिल्म १ जूनला जेवणानंतर लावली. मलाही बोलावलं होतं. त्यांनी ती सलग तीनदा पाहिली. दुसऱ्या वेळी म्हणाले, “टपरीवरची माणसं अशी कलंडून का उभी? घाटात उतार रस्त्याला असतो, माणूस सरळच उभा राहतो.” फोन तिरका केल्यामुळे रस्त्याबरोबर गिऱ्हाइकंही आठ अंश झुकली होती आणि पंधरा दिवस आम्हा कोणाच्याही ते लक्षात आलं नव्हतं.

तिसऱ्या वेळी ते बराच वेळ गाडीकडे बघत राहिले. मग धाकट्याला जवळ घेऊन म्हणाले, “झकास केलीय रे. पण आमची लाल गाडी वरंधा चढताना एवढी गपगार नसायची. दुसऱ्या गिअरला खिडक्यांच्या काचा वाजायच्या.”

सेट अजून मोडला नव्हता. त्याच संध्याकाळी धाकट्याने पोस्टकार्डाचा कपटा कापला, एक फोटो कपटा मागच्या चाकाखाली घालून, एक काढून, असे ४८ फोटो घेतले. चार सेकंद. रस्ता जागच्या जागी, डोंगर जागच्या जागी, आणि मधून गाडी खडखडत वर चाललेली. आजोबा शेजारी खुर्ची टाकून बसले होते आणि प्रत्येक फोटोला तोंडाने इंजिनाचा आवाज काढत होते.